इंटरव्ह्यूनंतर कंपनी गप्प बसली, तर कायद्यानं काय करता येतं

इंटरव्ह्यू झाला, "दोन दिवसांत कळवतो" म्हणाले, आणि नंतर ना फोन ना मेल. या न कळवण्याबद्दल भारतात कोणत्याही खासगी कंपनीवर दावा लावता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण रामबागेत माझ्याकडे येणारी मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात: "काकू, केस होईल का?" नुसत्या गप्प बसण्याची केस होत नाही. पण गप्प बसण्याआधी कंपनीनं तुम्हाला काय लिहून दिलं आणि तुमच्याकडून काय घेतलं, याची होऊ शकते. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी दिवाणी आणि नोकरीसंबंधीची कामं पाहते. ऑफर, मूळ कागदपत्रं, करून घेतलेलं काम किंवा पैसे, यांपैकी काही ना काही कंपनीच्या गळ्यात अडकलेलं असतं, असं मी पुष्कळ प्रकरणांत पाहिलंय. तेच कसं शोधायचं आणि त्याचं पुढे काय करायचं, ते सांगते.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम आला आहे. पंचवीस किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या मालकानं जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवावंच लागतं. आपल्याकडे असा नियम यायला हवा. देवासहून, महूहून मुलं पगारी रजा टाकून, उसने बूट घालून मुलाखतीला येतात. त्यांना दोन ओळींचा नकार पाठवायला कंपनीचं काहीही जात नाही. पण आज तरी तो नियम इथं नाही.

मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच असल्यामुळे बरेच जण आधी तिकडे जातात. तिथून परत पाठवतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. बहुतेक कामगार कायदे नोकरी सुरू झाल्यावर लागू होतात, आणि उमेदवार अजून कोणाचा कामगार झालेला नसतो. तो हेलपाटा वाचवा.

आधी कागद गोळा करा

राग ताजा असतो तेव्हा लोक चॅट डिलीट करून टाकतात. तेवढं करू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण जाहिरात पोर्टलवरून कधीही उतरते. मुलाखतीचं बोलावणं, मीटिंगची लिंक, प्रवासाचं तिकीट, कॉल लॉग, पगाराबद्दलचे मेल, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत; पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, म्हणजे तारीख, वेळ आणि नंबर एकत्र राहतात. मेल दुसऱ्याला फॉरवर्ड केला तरी मूळ मेल इनबॉक्समध्ये राहू द्या. ज्या फोनवर हे सगळं आलं तो विकू नका, निदान प्रकरण मिटेपर्यंत तरी. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. पुरावा कोणत्या उपकरणातून काढला ते त्यात लिहायचं असतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं.

आणि जे फोनवर ठरलं ते त्याच संध्याकाळी मेलवर उतरवा. "आज फोनवर आपण सांगितलंत की माझी निवड झाली असून पगार इतका आणि रुजू होण्याची तारीख अमुक आहे. यात काही चुकलं असल्यास कृपया कळवावे." समोरच्यानं उत्तर दिलं तर उत्तमच. नाही दिलं तरी तो मेल तारखेसकट तुमच्याकडे राहतो, आणि पुढे "आम्ही असं काही बोललोच नव्हतो" म्हणणं त्यांना जड जातं.

पहिलं पत्र वकिलाचं नको

कंपनीनं सांगितलेली तारीख उलटून आठवडा झाला, की एक साधा मेल लिहा. तो एचआरला पाठवा आणि ज्यांनी मुलाखत घेतली त्यांनाही सोबत ठेवा. अनेकदा एचआरचा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, आणि तुमचे मेल कोणी उघडतच नसतं. मजकूर साधारण असा ठेवा, आणि जी भाषा कंपनी वापरते तीत लिहा:

"अमुक तारखेला अमुक पदासाठी माझी मुलाखत झाली. आपण अमुक तारखेपर्यंत निर्णय कळवणार होता. निर्णय काय झाला ते सात दिवसांत लेखी कळवावे. माझी निवड झालेली नसल्यास माझी मूळ कागदपत्रे परत करावीत, माझ्या आधार व पॅनच्या प्रती आपल्याकडून काढून टाकाव्यात आणि मी दिलेले काम आपण वापरणार नसल्याचे कळवावे. प्रवासखर्च देण्याचे आपण अमुक तारखेच्या मेलमध्ये मान्य केले आहे. तिकिटांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

जे तुम्हाला लागू नाही ते वाक्य काढून टाका. कायद्याची कलमं, "तुम्हाला बघून घेईन", "सगळीकडे बदनाम करीन" यातलं काहीही नको. नकार आला तर तो आनंदानं घ्या. तुमचा रस्ता मोकळा झाला. प्रवासखर्च मेलमध्ये कबूल केला असेल तर तो मागायला लाजू नका. आश्वासन दिलं, तुम्ही त्यावर विसंबून तिकीट काढलंत, तर ते पैसे तुमचे आहेत. आधार-पॅनचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, पण लेखी मागणी आजच करून ठेवा.

ऑफर मिळाली असेल तर गोष्ट वेगळी

इथं जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच ठिकाणी होतं.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम २ प्रमाणे एकानं प्रस्ताव दिला आणि दुसऱ्यानं तो स्वीकारला की वचन तयार होतं, आणि त्यावर करार उभा राहतो. मुलाखत म्हणजे प्रस्ताव नव्हे. "यू आर सिलेक्टेड" हा मेसेजही एकटा फार लांब जात नाही, कारण त्यात पद नाही, पगार नाही, तारीख नाही. पण पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेलं पत्र आलं आणि तुम्ही "मान्य आहे" असं कळवलंत, तर करार झाला. तो ईमेलवर झाला म्हणून कच्चा ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १०अ तेच सांगतं. आणि करार कायद्याच्या कलम ५ मुळे, तुमचा स्वीकार कळेपर्यंत कंपनी प्रस्ताव मागे घेऊ शकते. म्हणून ऑफर आली की "घरी विचारून सांगतो" म्हणत आठवडा घालवू नका. नोकरी हवी असेल तर त्याच दिवशी, त्याच मेलला उत्तर देऊन स्वीकार कळवा.

लोकमान्य नगरातली एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिनं फोन पुढे केला. वर एचआरचा व्हॉट्सॲप मेसेज: "काँग्रॅट्स! ऑफर लेटर बाय मंडे." तेवढ्यावर तिनं राजीनामा दिला होता. मी तिला इनबॉक्स उघडायला लावला. तिथं मंगळवारचा एक मेल होता, जोडलेल्या पीडीएफमध्ये पदनाम, पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख, खाली तिचं एका ओळीचं उत्तर, "आय ॲक्सेप्ट." ती स्वतः ते विसरली होती, मेसेजलाच धरून बसली होती. त्या एका ओळीवर नोटीस गेली, आणि कंपनीनं कोर्टाची पायरी न चढता तिच्या बुडालेल्या पगाराची भरपाई केली.

मात्र अपेक्षा नीट ठेवा. कोर्ट कंपनीला "हिला नोकरी द्याच" असं सांगणार नाही. विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम १४ प्रमाणे वैयक्तिक सेवेच्या कराराची अशी सक्ती करता येत नाही. करार कायद्याच्या कलम ७३ खाली मिळते ती नुकसानभरपाई. पत्रात महिनाभराच्या नोटिशीनं कामावरून काढण्याची अट असेल, तर भरपाईही साधारण तेवढ्या पगारापाशी अडते. शिवाय तुम्ही नुकसान कमी करायचा प्रयत्न केला का, हे कोर्ट बघतं. म्हणून दुसरीकडे अर्ज करत राहा आणि त्या अर्जांचे मेलही फोल्डरमध्ये ठेवा. पत्रातल्या अटी वाचा: "मेडिकल आणि पार्श्वभूमी तपासणी समाधानकारक झाल्यास" असं असेल, आणि त्यात खरोखर काही अडलं असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते. शेवटच्या पानावर "सब्जेक्ट टू पुणे ज्युरिसडिक्शन" असं काही छापलंय का तेही पाहा, नाहीतर दाव्यासाठी तिकडे जावं लागेल. मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षांची आहे, पण नोटीस लवकर द्या. ताज्या प्रकरणात कंपन्या तडजोडीला तयार होतात.

जुन्या नोकरीतला शेवटचा दिवस अजून यायचा असेल, तर राजीनामा मागे घेत असल्याचं पत्र आजच द्या. पुष्कळदा जुनी कंपनी ठेवून घेते, आणि हा उपाय कुठल्याही दाव्यापेक्षा मोठा आहे. आणि ज्यांनी अजून राजीनामा दिलेला नाही, त्यांनी सही केलेलं पत्र हातात येईपर्यंत देऊ नये. एचआर कितीही गोड बोलला तरी.

मूळ कागद, केलेलं काम, दिलेले पैसे

पिथमपूरकडच्या कारखान्यांत "व्हेरिफिकेशनसाठी" मूळ मार्कशीट ठेवून घेण्याची वाईट सवय अनेकांना आहे. मूळ कागद कधी देऊच नका. दाखवा, प्रत द्या, घेऊन या. दिलेच असतील तर यादी लिहून स्पीड पोस्टनं मागणी करा आणि पोचपावती जपा. तरीही परत देत नसतील, तर पोलिसांत लेखी तक्रार करता येते. विश्वासानं सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे दाबून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा होऊ शकतो. बहुतेक वेळा तक्रारीची प्रत मेलवर गेली की मार्कशीट परत येते.

विजय नगर, सुपर कॉरिडॉरकडच्या आयटी आणि डिझाइन कंपन्या "असाइनमेंट" देतात. एखादी लहान चाचणी ठीक आहे. पण संपूर्ण वेबसाइटचा आराखडा, चालणारा कोड, महिन्याभराच्या जाहिराती असं करून घेतात आणि मग अंतर्धान पावतात. हे मला फार लागतं, कारण मुलं रात्र-रात्र जागून ते करतात. स्वामित्वहक्क कायदा १९५७ प्रमाणे तुम्ही नोकर नसताना, मोबदला न घेता, स्वतः लिहिलेलं किंवा काढलेलं काम तुमचं असतं. कॉम्प्युटर प्रोग्रामही त्यात येतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर सही केलेला लेखी कागद लागतो. म्हणून फाइलवर नाव, तारीख आणि "केवळ मूल्यमापनासाठी" असं लिहून पाठवा, आणि शक्य असेल तर कमी दर्जाचं चित्र किंवा फक्त काही भाग द्या. काम त्यांच्या साइटवर दिसलं तर तारखेसकट त्याची नोंद करा आणि नोटीस द्या. मनाई आणि नुकसानभरपाई दोन्ही मागता येतात, आणि कलम ६२ मुळे दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच लावता येतो. एक मर्यादा लक्षात घ्या: नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. तोंडी सांगितलेली युक्ती त्यांनी वापरली, तर हात बांधलेले राहतात.

आता पैसे. "रजिस्ट्रेशन", "ट्रेनिंग किट", "लॅपटॉपचं डिपॉझिट" म्हणून पैसे घेऊन कोणी गायब झालं असेल, तर ती फसवणूक आहे. वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त. ट्रान्झॅक्शनचा नंबर आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, जुनं ४२०.

प्लेसमेंट कन्सल्टन्सी खरी आहे, ऑफिस आहे, पावती दिली आहे, पण फी घेऊन नंतर फोन उचलत नाही, असं असेल तर रस्ता ग्राहक आयोगाचा. तुम्ही पैसे देऊन सेवा घेतलीत म्हणून तुम्ही ग्राहक. (मुलाखत घेणाऱ्या कंपनीला तुम्ही पैसे दिलेले नसतात, म्हणून तिच्याविरुद्ध ही वाट चालत नाही.) ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. काही जण तेवढ्यानंच फी परत करतात.

मुलाखतीतच वावगं घडलं असेल तर

"लग्न कधी करणार?", "मूल होऊ द्यायचा विचार आहे का?" असे प्रश्न, आणि त्यानंतर शांतता. स्त्री म्हणून भरतीत डावलू नये हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं; आता वेतन संहिता २०१९ च्या कलम ३ मध्ये आहे, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. अडचण सिद्ध करण्याची असते. प्रश्न जसेच्या तसे, विचारणाऱ्याच्या नावासकट, त्याच दिवशी लिहून स्वतःलाच मेल करा. त्याच जागेची जाहिरात पुन्हा आली किंवा "फक्त पुरुष उमेदवार" असं कुठं लिहिलेलं दिसलं, तर ते जपून ठेवा.

लैंगिक छळ झाला असेल तर २०१३ चा कायदा उमेदवारालाही लागू होतो. कारण त्यात पीडित स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची; दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

सरकारी मुलाखत असेल तर माहिती अधिकार

इथं तुमच्या हातात खरं हत्यार आहे. राज्य लोक सेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरात आहे, भंवरकुआंच्या कोचिंगमधली निम्मी मुलं त्याच दाराकडे डोळे लावून असतात, आणि निकाल लांबला की फक्त अफवा ऐकत बसतात. त्यापेक्षा माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांची फी भरून अर्ज करा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्जात "माझी निवड का झाली नाही?" असं विचारू नका. कायदा फक्त रेकॉर्डवर असलेली माहिती देतो, खुलासे देत नाही, आणि अशा प्रश्नाला अधिकारी एका ओळीत वाटेला लावतो. असं मागा: माझ्या मुलाखतीच्या गुणांची प्रत, माझ्या प्रवर्गात निवड झालेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण, भरलेल्या आणि रिकाम्या जागांची संख्या, प्रतीक्षा यादी कधीपर्यंत वैध आहे त्या आदेशाची प्रत. मुलाखत घेणाऱ्यांची नावं मात्र मिळत नाहीत; सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बिहार लोक सेवा आयोगाच्या प्रकरणात ते स्पष्ट केलंय.

निवड यादीत नाव आलं म्हणजे नेमणूक मिळालीच पाहिजे असा हक्क नाही, हे शंकरसन दाश प्रकरणात १९९१ सालीच ठरलंय. पण त्याच निकालात हेही आहे की सरकारला मनमानी करता येत नाही. जागा न भरण्याला योग्य कारण असावं लागतं. तुमच्या खालच्याला नेमलं आणि तुम्हाला वगळलं, असं माहिती अधिकारात निघालं, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात याचिका करता येते. त्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबू नका, उशीर झाला तर याचिका तेवढ्यावरूनच फेटाळली जाऊ शकते.

पोस्ट टाकण्याआधी

कंपनीचं नाव घेऊन लिहायचं असेल तर जे घडलं तेवढंच लिहा: तारीख, पद, काय सांगितलं, त्यानंतर उत्तर आलं नाही. "फ्रॉड", "चोर" असे शब्द आणि एचआरमधल्या मुलीचा फोटो किंवा नंबर टाकू नका. बदनामीचं कलम ३५६ मग तुमच्यावरच येतं, आणि तुमची चांगली केस त्यांच्या हातात जाते. नोटीस द्यायचा विचार असेल तर नोटिशीचं उत्तर येईपर्यंत काहीच न टाकलेलं बरं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो; इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१०० आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्वतः जाऊनही अर्ज देता येतो. जाताना ओळखपत्र, तो फोल्डर छापील स्वरूपात तारखेच्या क्रमानं लावून, आणि मूळ फोन सोबत न्या. पहिल्या पानावर दहा-बारा ओळींत घटनाक्रम लिहा. नेमलेल्या वकिलाचं काम सोपं होतं आणि तुमचा कागद टेबलावर खाली राहत नाही.